मदत हवी आहे: वस्तीवरची कुत्री माळावर पळतात

नमस्कार मंडळी. आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळाजवळ. घरी तीन कुत्री, राखणीला पक्की. पण पहाटे डोळा चुकवून माळावर जातात. परवा मोत्या परतला तो तोंडाला रक्त आणि दातांत तांबूस केस घेऊन. चिंकारा हरणाचं पाडस असणार. चिंकारा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीतला, म्हणजे 'कुत्र्यानं मारलं, मी काय करू' म्हणून हात झटकणं मला पटत नाही.

दुसरी काळजी लांडग्यांची. शेजारच्या वस्तीवर कुत्र्याचं एक पिल्लू डिस्टेंपर या विषाणूच्या साथरोगानं गेलं. डोळ्यांत चिपडं, नाक गळतंय आणि जबडा सारखा काहीतरी चघळल्यासारखा हलतोय. हाच रोग लांडग्या-कोल्ह्यांना होतो, २०१८ मध्ये गीरच्या सिंहांतही सापडला होता. आमच्या कुत्र्यांना फक्त रेबीजची लस आहे, तिचा डिस्टेंपरला उपयोग नाही.

तर विचारायचं असं: सेव्हन-इन-वन लस (डिस्टेंपरसकट अनेक रोगांवरची एकत्र लस) थंड पेटीतून वस्तीपर्यंत कशी आणता? डॉक्टर एका कुत्र्यासाठी येत नाहीत, पाच-सहा वस्त्यांनी मिळून कुणी बोलावलंय का? मादीची नसबंदी करायचीच आहे, टाके भरेपर्यंत तिला कुठे ठेवता? आणि मोत्याचं काय? वडील म्हणतात, गळ्यात लोढणं बांध. पण बिबट्या आला तर ते जनावर पळणार कसं? रात्री जाळीच्या खुराड्यात ठेवलं तर राखण होते का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, 'सोडून दे' सांगणारे घरातच पुष्कळ आहेत.