दुपारचा वर्ग नेमका कोणासाठी होता?

सावली: दर मार्चमध्ये तीच पोस्ट फिरते: कष्टकरी बायकांच्या शिक्षणाचा पाया रमाबाई रानड्यांनी घातला. आदर आहेच, पण हे पटत नाही. १९०९ मध्ये त्यांनी आणि गो. कृ. देवधरांनी पुण्यात सेवासदन ही बायकांना शिकवणारी संस्था सुरू केली. मोठ्या बायकांचे वर्ग दुपारी, घरची जेवणं उरकल्यावर. कोणाच्या सोयीने? १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानुसार गिरणीतल्या बाईला दिवसाला ११ तासांपर्यंत राबवता यायचं (आणि ही म्हणे सुधारणा!). तिला दुपार होती कुठे?

पेठकर: अहो, तेव्हा वाड्यातल्या बाईलाही दुपारखेरीज उंबरा ओलांडता येत नव्हता. खुद्द रमाबाई इंग्रजी शिकायला लागल्या तर घरातल्या बायकांनीच त्यांना टोमणे मारून हैराण केलं. सेवासदनाने विधवांना ससूनमध्ये नर्सिंगला पाठवलं. परक्या पुरुषाची जखम बांधायची म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. तरी त्या गेल्या, पगार मिळवू लागल्या. हे कष्ट नाहीत?

सावली: आहेत की. पण गिरणीवाली, मोलकरीण तिथे पोचली का? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्येच मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती. वेळ शिकणाऱ्याचा दिवस बघून ठरवली.

हिशेबनीस: रात्रशाळेचं फार कौतुक नको. साक्षरता अभियानात आई आमच्या ओसरीवर वर्ग घ्यायची. दिवसभर खुरपून, भाकऱ्या थापून आलेल्या बायका पाटीवर नाव गिरवता गिरवता पेंगायच्या. पोर रडलं की निम्मा वर्ग उठायचा. रात्र पुरुषांना मोकळी असते.

कामठीकर: सगळे पुण्यातच घोटाळताय. जाईबाई चौधरी कोणाला आठवल्या का? दलित घरातल्या, नागपूर भागात हमाली करणाऱ्या. एका मिशनरी बाईंनी शिक्षिकेची नोकरी दिली. अस्पृश्य बाई शिकवते कळल्यावर सवर्णांनी मुलं पाठवणं बंद केलं, नोकरी गेली, पुन्हा डोक्यावर ओझं. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात स्वतः संत चोखामेळा कन्याशाळा काढली.

पेठकर: थोरच. पण ती एकटीची जिद्द. शिक्षिका, नर्सेस घडवत राहायला संस्था लागते. शिवाय पुण्यात सक्तीचं शिक्षण मुलींनाही हवं म्हणून पुढे झाल्या त्या रमाबाईच.

सावली: संस्थेला रानड्यांचा वाडा होता, ओळखी होत्या. जाईबाईंच्या वाट्याला बहिष्कार आला. हा जिद्दीतला फरक नाही, पेठकर. आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचं श्रेय मी नाकारतच नाही. मी विचारतेय त्या मुलींच्या आयांबद्दल, ज्या तेव्हा कामावर होत्या.