फाटलेल्या लिगामेंटवर हाताने केलेल्या उपचारांचा उपयोग किती?

पायवाट:
सहा आठवड्यांपूर्वी खेळताना पाय जमिनीत रुतलेला असतानाच अंग वळले आणि गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या मध्यभागी हाडांना जोडणारे लिगामेंट) पूर्ण फाटल्याचे, तर आतल्या बाजूच्या एमसीएल या लिगामेंटला दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे अर्धवट फाटल्याची, इजा झाल्याचे दिसले. सूज आता बरीच उतरली आहे, परंतु गुडघा ९५ अंशांपलीकडे वाकत नाही आणि सरळ करताना शेवटचे दहा अंश राहून जातात. एका थेरपिस्टच्या मते, हाताने सांधा मोकळा केला आणि लिगामेंट नियमित चोळले, तर दहा-बारा बैठकांत ते जुळून येईल. शस्त्रचिकित्सकांनी मात्र आधी पाय पूर्ण सरळ करून या, मग शस्त्रक्रियेचे ठरवू, असे सांगितले आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे?

सांधेसोबती:
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हातांनीच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो: चोळल्याने एसीएल जुळत नाही. ते सांध्याच्या अगदी मध्यभागी, मांडीचे हाड आणि नडगी यांच्या मध्ये असते. तिथवर बोट पोहोचतच नाही. त्यातच फाटलेल्या टोकांना जोडून ठेवणारी रक्ताची गुठळी सांध्यातल्या द्रवात टिकत नाही, त्यामुळे भरून येण्याची प्रक्रिया सुरुवातीलाच अडते. एमसीएलची गोष्ट वेगळी आहे. ते सांध्याबाहेर असून त्याला रक्तपुरवठा चांगला असल्याने दुसऱ्या श्रेणीची इजा बहुधा ब्रेस आणि व्यायामाने भरून येते. त्यावर आडवे घर्षण देण्याची पद्धत जुनी असली, तरी त्याने ते लवकर भरते याला भक्कम पुरावा नाही.

तरीही आपल्याला हस्तोपचारांचा उपयोग आहे. फक्त तो लिगामेंटसाठी नसून त्याभोवती आलेल्या ताठरपणासाठी आहे. सूज असताना मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो, गुडघ्याची वाटी जागेवर अडकते आणि पाय सरळ होईनासा होतो. वाटी वर-खाली व आडवी हलक्या हाताने सरकवणे, मांडीमागचे आखडलेले स्नायू सैल करणे आणि त्यानंतर लगेच टाचेखाली गुंडाळी ठेवून मांडी आवळण्याचा व्यायाम करणे, हा क्रम उपयोगी पडतो. व्यायामाविना नुसत्या बैठकांनी मिळालेली मोकळीक फार काळ टिकत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. पाय सरळ होण्यासाठी नडगी पुढे सरकवण्याचे एक तंत्र आहे, आणि नडगीला पुढे सरकू न देणे हेच तर एसीएलचे काम. म्हणून फाटलेल्या एसीएलवर किंवा शस्त्रक्रियेत त्याच्या जागी बसवलेल्या नव्या कलमावर ते तंत्र जोराने वापरू नये. पीसीएल (नडगीला मागे सरकू न देणारे लिगामेंट) फाटले असेल तर उलट नडगी मागे ढकलणे टाळावे लागते. कोणते लिगामेंट फाटले आहे हे न विचारता हात लावणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

उंबरठा:
मी याच अवस्थेतून गेलो आहे. माझाही गुडघा सरळ होत नव्हता आणि मी तीन आठवडे कोणाकडून तरी तो दाबून घेत राहिलो. प्रत्येक वेळी शेवटी स्प्रिंगसारखा अडथळा जाणवायचा. पुढे कळले की फाटलेल्या कुर्चेचा (गुडघ्यातल्या हाडांमधल्या गादीचा) तुकडा सांध्यात अडकला होता. तो कितीही दाबला असता तरी सुटणार नव्हता. आपल्या अहवालात कुर्चेविषयी काय लिहिले आहे, ते आधी पाहावे.

मध्यबिंदू:
सांधेसोबती यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण एसीएल कधीच भरून येत नाही असा अर्थ कोणी काढू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० रुग्णांचा गुडघा ब्रेसमध्ये चार आठवडे ९० अंशांत वाकवून ठेवून नंतर हळूहळू सोडला, तेव्हा तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये सुमारे ९० टक्के रुग्णांत लिगामेंट सलग होत असल्याची चिन्हे दिसली. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, उपचार इजेनंतर लवकर सुरू झाला होता, आणि जे काही घडले ते चोळल्यामुळे नव्हे. शस्त्रक्रियेबाबतही घाई नको: २०१० च्या एका चाचणीत १२१ तरुण रुग्णांपैकी ज्यांनी आधी व्यायामोपचार घेतले, त्यांची दोन वर्षांनंतरची स्थिती लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांइतकीच होती, पण आधी व्यायामोपचार घेतलेल्यांतल्या सुमारे ३९ टक्के जणांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही तितकेच खरे.

पायवाट:
अहवालात कुर्चा शाबूत असल्याचे लिहिले आहे. मालिशेच्या बैठका रद्द केल्या. मात्र कालपासून पोटरी दुखते आहे आणि थोडी सुजली आहे; ती हलकेच चोळली तर चालेल का?

सांधेसोबती:
अजिबात नको. दुखापतीनंतर हालचाल कमी झालेल्या पायात पोटरी नव्याने दुखू-सुजू लागली, तर शिरेतील गुठळीची शक्यता आधी तपासावी लागते. आजच डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला किंवा छातीत दुखले, तर थेट आपत्कालीन विभागात जा.