फॉरमॅट राहू दे, आधी रॅम बघा की

पीसी बंद पडून दोन दिवसाआड निळा स्क्रीन येतोय, त्यावरचा एरर कोड दरवेळी वेगळा आणि दुकानवाला म्हणतोय विंडोज परत टाकूया, असं लिहिलंय तुम्ही. फॉरमॅट करून झाल्यावर परत तेच झालं तर काय करणार? एकच कोड आणि एकाच ड्रायव्हरचं (म्हणजे एखादा पार्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव येत असतं तर गोष्ट वेगळी, पण कोड बदलत असेल तर माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे पीसीच्या मेमरीच्या पट्ट्यांवर.

आमचं टिळकवाडीत असंच झालेलं, जुलैचा पाऊस, घरात सगळीकडं ओल, आणि पीसी रोज संध्याकाळी बंद पडायचा. शेवटी वायर काढून, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, सोनेरी टोकं पोराच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसली (जोर लावू नका हं) आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवल्या. तरीपण क्रॅश झालाच, मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू ठेवलं, सकाळी बघतोय तर लाल एरर भरलेल्या. एकेक पट्टी वेगळी लावून तपासली तेव्हा खराब कुठली ते कळलं, ती बदलल्यावर आजतागायत निवांत.

मेमटेस्टमध्ये एकही एरर नाही आली तर सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर आहे का बघा, क्रॅशची नोंद त्यात असते, त्यातली फाइल ब्लूस्क्रीनव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ड्रायव्हरचं नाव इथं टाका. आणि हो, फॉरमॅट करायचंच असलं तर फोटो आधी दुसरीकडं काढून ठेवा.