समोरासमोरची टक्कर आणि भिंत

या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय की मुंबईतल्या आरेच्या रस्त्यावर ताशी ६० किमी वेगाच्या दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, तर ती १२० च्या वेगाने भिंतीला धडकण्याइतकीच टक्कर. हे पटत नाही. गाड्या सारख्याच असतील तर दोघींचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) समान आणि उलट, बेरीज शून्य. दोन्ही जागच्या जागी थांबतात. म्हणजे प्रत्येकीसाठी ती ६० ने न हलणाऱ्या भिंतीला धडकण्यासारखीच टक्कर. १००० किलोच्या गाडीची ६० च्या वेगाला गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा) सुमारे १३९ किलोज्यूल, १२० ला तिची चौपट, ५५६. दोन गाड्यांची मिळूनही २७८ च होते.

खरा धोका वजनात फरक असतो तेव्हा. आपल्या मुंबईत तर रोजच बस आणि स्कूटर एकाच लेनमध्ये. १२ टनांची भरलेली बस आणि स्वारासकट २०० किलोची स्कूटर, दोन्ही ४० च्या वेगाने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या असं धरा. नंतरचा एकत्रित वेग बसच्याच दिशेने जवळपास ३८.७. बसचा वेग जेमतेम १.३ ने घटला, स्कूटरचा ७८.७ ने बदलला! बल मात्र दोघांवर सारखंच, न्यूटनचा तिसरा नियम. बसमधल्यांना हिसका बसतो, स्कूटरवाल्याचा जीव जातो.

हेल्मेटमधला फोम इथेच कामाला येतो. तो चेपला जाताना डोकं थांबायला काही मिलीसेकंद जास्त मिळतात, तेवढंच बल कमी होतं. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट मात्र आधीच उडून जातं.