गड उतरल्यावर मांड्या भरून येतात. अश्वगंधा की हळद?

सिंहगडवारी: दर रविवारी सिंहगड. चढताना काही नाही, पण मंगळवारी ऑफिसचा जिना आडवा उतरतो! जिममधला मित्र अश्वगंधा घे म्हणतो, आई हळदीचं दूध पुढे करते. कुणाचं ऐकू?

फिजिओताई: उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते. दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला जातं नि मग आपोआप ओसरतं. त्यामुळे तेव्हा जे खाल त्यालाच श्रेय! अश्वगंधेवर २०१५चा एक अभ्यास आहे. ५७ तरुण, ३०० मिग्रॅ अर्क दिवसातून दोनदा, ८ आठवडे. स्नायूंची इजा दाखवणारं क्रिएटिन कायनेज कमी चढलं. पण ती वजनं उचलणारी नवखी मुलं होती, गड उतरणारी नव्हे.

जुनंखोड: हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक म्हणजे कर्क्युमिन. तो हळदीत जेमतेम ३ टक्के, तोही धड शोषला जात नाही. अभ्यासांत अर्काच्या कॅप्सूल देतात, चमचाभर हळद नाही. आणि थायरॉइडची गोळी चालू असेल तर अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

सिंहगडवारी: गोळी चालूच आहे हो! मग अश्वगंधा राहू दे. ३ टक्क्यांचं आईला मात्र सांगणार नाही.