मदत हवी आहे : मूत्राशयाचा कॅन्सर, रोबोटिक ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. वडिलांचं (वय ६८) आयुष्य सूत रंगवण्यात गेलं, वर बिडीचा नाद. लघवीतून रक्त जायला लागलं, दुखत नाही म्हणून अंगावर काढलं. आता कॅन्सर स्नायूपर्यंत गेलाय. आधी केमो, मग मूत्राशय काढायचं असं ठरलंय. ओपन (म्हणजे पोट उघडून) की रोबोटिक, ते तुम्हीच सांगा म्हणतात डॉक्टर!

रोबोट स्वतःहून काही कापत नाही, कन्सोलवर बसून सर्जनच तो चालवतो, एवढं कळलं. ओपन आणि रोबोटिकची तुलना करणाऱ्या २०१८ च्या रेझर ट्रायलमध्ये (रुग्णांवरच्या अभ्यासात) रोबोटिकला रक्त कमी गेलं, पण दोन वर्षांनी कॅन्सरचा निकाल दोन्हीकडे सारखाच. मग जादा पैसे मोजावेत का? मला तर मशीनपेक्षा सर्जनचा हात किती बसलाय ते महत्त्वाचं वाटतं. ते विचारायचं कसं?

आणि खरी अडचण पुढची. पोटावर लघवीची पिशवी की आतड्याचं नवीन मूत्राशय? अण्णा धोतर नेसतात. "पिशवी लावून पंगतीला कसा बसू?" हाच त्यांचा एक प्रश्न. धोतरावर पिशवी सांभाळणारं कुणी आहे का घरात? पुणे, मुंबई की हैदराबाद, तपासण्यांच्या खेपांना सोलापूरहून काय सोयीचं पडलं, तेही सांगा.