७ मिमीचा नोड्यूल: टीबीच्या गोळ्या, पेट स्कॅन की वाट पाहायची?

उमरेड_रोड
बाबा ६१ वर्षांचे. गाडीवरून पडले, बरगडी मोडली की काय म्हणून छातीचा सीटी काढला. बरगड्या ठीक आहेत, पण रिपोर्टमध्ये आलंय: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ७ मिमीचा सॉलिड (भरीव) नोड्यूल, म्हणजे छोटी गाठ, कॅल्सिफिकेशन (चुना साचणं) नाही. खोकला, ताप, वजन घटणं काहीच नाही. बिडी बरीच वर्षं होती, आता बंद. कोळसा खाणीतून रिटायर. एक डॉक्टर म्हणतात टीबीच असेल, एकेटी (टीबीची औषधं) सुरू करू. दुसरे पेट स्कॅन (जास्त सक्रिय पेशी चमकवून दाखवणारा स्कॅन) सांगतात. नागपुरात सोय सगळी आहे, पण आधी काय करावं?

पातळ_स्लाइस
आधी जुना सीटी शोधा. कोविडच्या लाटेत एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी) झाला होता का? त्यात हाच नोड्यूल एवढाच असेल तर काळजी जवळपास मिटली. सॉलिड नोड्यूल दोन वर्षं जसाच्या तसा राहिला की तो निरुपद्रवी धरतात. खाणीच्या तपासणीतले एक्स-रे फारसे कामाचे नाहीत, कारण चुना नसलेला ७ मिमीचा ठिपका एक्स-रेत सहसा दिसत नाही.

दुसरं काम याच आठवड्यात करा. अपघातानंतरचा सीटी पुष्कळदा ५ मिमीच्या स्लाइसमध्ये वाचला जातो. एवढ्या जाड कापात लहान गाठीतला चुना आजूबाजूच्या भागात मिसळून पुसट होतो, म्हणून ‘कॅल्सिफिकेशन नाही’ यावर अजून भरवसा ठेवू नका. सेंटरला १ मिमीचे रिकन्स्ट्रक्शन (त्याच डेटातून पुन्हा बनवलेले पातळ काप) मागा. मशीनवरचा कच्चा डेटा फार दिवस ठेवत नाहीत. फिल्म पुरत नाही, डायकॉम फाइल्सची (स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमांची) सीडी घ्या.

चुना मधोमध, पूर्ण गाठीत, थराथरांनी किंवा पॉपकॉर्नसारखा असेल तर गाठ साधी. कडेला एखादाच कण असेल तर त्यावरून निश्चिंत होता येत नाही. कडा काटेरी आहेत का, हेही विचारा.

छाती_ओपीडी
पुराव्याशिवाय एकेटी सुरू करू देऊ नका, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण अनेकांच्या फुप्फुसात असतात, त्यामुळे अंदाज चुकीचाच असेल असं नाही. पण किमान सहा महिने लिव्हरवर ताण देणारी औषधं चालतील, जुना व्रण त्याने हलणार नाही आणि कॅन्सर असेल तर तेवढा वेळ हातचा जाईल. माँटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) पॉझिटिव्ह आली तरी एवढंच कळतं की कधीतरी संसर्ग झाला होता.

पेटही आत्ता नको. ८ मिमीपेक्षा लहान गाठीत ते भरवशाचं नाही, शिवाय सक्रिय टीबीही त्यात चमकतो.

फ्लायशनर सोसायटी या छातीच्या स्कॅनतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार ६ ते ८ मिमीच्या एकट्या सॉलिड नोड्यूलला ६ ते १२ महिन्यांनी सीटी, मग १८ ते २४ महिन्यांनी पुन्हा. बिडी आणि वरचा भाग, दोन्ही धोका वाढवणाऱ्या गोष्टी, म्हणून सहाव्या महिन्यालाच काढा. खाणीच्या धुळीचे नोड्यूल बहुधा अनेक आणि दोन्ही बाजूंना असतात, एकट्या गाठीला ते कारण लावून मोकळं होऊ नये. आधी कॅन्सर झालेल्यांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना आणि ३५ च्या आतल्यांना हे वेळापत्रक लागू नाही. थुंकीत रक्त आलं किंवा वजन उतरू लागलं तर थांबायचं नाही.

उमरेड_रोड
सहा महिने थांबायची भीती वाटते. महिन्याभरात पुन्हा काढला तर?

पातळ_स्लाइस
भीती वाटणारच. पण महिन्याभरात कॅन्सर असला तरी फरक दिसणार नाही. सॉलिड कॅन्सरचं आकारमान दुप्पट व्हायला साधारण १०० ते ४०० दिवस लागतात. ७ चे ९ मिमी झाले की आकारमान दुपटीच्या वर गेलेलं असतं, आणि २ मिमीपेक्षा कमी फरक मोजमापातली चूकही असू शकते. पुढचा सीटी लो-डोस, कॉन्ट्रास्टशिवाय, त्याच सेंटरला, पूर्ण श्वास भरून. जुनी सीडी सोबत न्या, नाहीतर तुलना न होताच नवा रिपोर्ट हातात येतो.

पॅथॉलॉजी_टेबल
गाठ वाढली आणि बायोप्सी ठरली, तर नागपुरातली मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानचं एम्स, कुठेही करा. एक गोष्ट आदल्या दिवशीच सांगून ठेवा. सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकू नये. फॉर्मालिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून तपासणं) होत नाही. एक भाग फॉर्मालिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला), दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये सीबीनॅट (टीबीची जनुकीय चाचणी) आणि कल्चरला. सुईने तुकडा काढल्यानंतर छातीचा एक्स-रे होतोच. घरी आल्यावर धाप लागली किंवा छातीत एका बाजूला दुखू लागलं तर फुप्फुसाभोवती हवा भरली असू शकते, तेव्हा रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या.